पुंजयामिकी आणि सापेक्षता सिद्धांत : तार्किक सुसंगतीचा प्रश्न

आधुनिक भौतिकी ज्या दोन पायांवर उभी आहे, ते दोन्ही विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत घातले गेले. अणू, इलेक्ट्रॉन, प्रकाशकण इ. सूक्ष्म वस्तूंच्या वर्तनाचे नियम पुंजयामिकीने दिले, तर अवकाश, काल आणि गुरुत्वाकर्षण यांचे नियम ॲल्बर्ट आइन्स्टाइन (१८७९–१९५५) यांच्या सापेक्षता सिद्धांताने दिले. हे दोन सिद्धांत परस्परविरोधी आहेत, असे विधान लोकप्रिय ग्रंथांतून व व्याख्यानांतून वारंवार केले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही. या विधानामागे खरी अडचण आहे. परंतु ती अडचण नेमकी कोणत्या सिद्धांताच्या कोणत्या गृहीतकाशी निगडित आहे, हे या प्रश्नाचा इतिहास पाहिल्यावाचून स्पष्ट होत नाही. या इतिहासात मुंबई व पुणे येथील संस्थांचा आणि महाराष्ट्रात जन्मलेल्या काही शास्त्रज्ञांचा वाटा बराच मोठा आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. दोन सिद्धांतांची गृहीतके एकत्र घेतली असता त्यांतून एखादे विधान व त्याचा नकार ही दोन्ही निष्पन्न होत असतील, तर ते सिद्धांत तार्किक दृष्ट्या विसंगत होत. दोन्ही सिद्धांतांना सामावून घेणारी एकच मांडणी अद्याप हाती नसणे, ही निराळी स्थिती होय. दोन कायदे वेगवेगळ्या भाषेत लिहिलेले असणे आणि एका कायद्याने बंधनकारक केलेली गोष्ट दुसऱ्याने निषिद्ध ठरविणे, यांत जो भेद आहे तोच येथे आहे. शिवाय ‘सापेक्षता’ या एका नावाखाली दोन सिद्धांत येतात. १९०५ चा विशिष्ट सापेक्षता सिद्धांत एकमेकांच्या संदर्भात एकविध वेगाने जाणाऱ्या निरीक्षकांपुरता मर्यादित असून त्यात गुरुत्वाकर्षण नाही. १९१५ चा व्यापक सापेक्षता सिद्धांत म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत असून त्यात द्रव्यामुळे अवकाश-कालाला वक्रता येते. पुंजयामिकीची या दोहोंशी असलेली नाती अगदी भिन्न आहेत. [⟶ सापेक्षता सिद्धांत].

विशिष्ट सापेक्षतेशी नाते : एर्व्हीन श्रोडिंजर (१८८७–१९६१) यांनी १९२६ मध्ये मांडलेले तरंग समीकरण विशिष्ट सापेक्षतेच्या कसोटीस उतरत नाही. सापेक्षतेनुसार अवकाश व काल यांना समीकरणात समान दर्जा हवा. श्रोडिंजर समीकरणात मात्र तरंग फलनाचा कालानुसार होणारा बदल पहिल्या कोटीचा, तर अवकाशानुसार होणारा बदल दुसऱ्या कोटीचा आहे. म्हणजे त्या वेळी उपलब्ध असलेली पुंजयामिकी आणि विशिष्ट सापेक्षता यांत खरोखरच विसंगती होती. पी. ए. एम. डिरॅक (१९०२–८४) यांनी १९२८ मध्ये ती दूर करणारे इलेक्ट्रॉनाचे समीकरण दिले. त्यातून इलेक्ट्रॉनाचे परिवलन (स्वतःभोवती फिरण्याशी सदृश असलेला गुणधर्म) आपोआप निघाले. पण त्याबरोबरच ऋण ऊर्जेच्या अवस्थाही निघाल्या. या अवस्था सर्व भरलेल्या आहेत व त्यांतील रिकामी जागा धन विद्युत् भार असलेल्या कणासारखी भासेल, असा अर्थ डिरॅक यांनी लावला. सी. डी. अँडरसन यांना १९३२ मध्ये विश्वकिरणांत असा कण (पॉझिट्रॉन) आढळला.

या टप्प्यावर मुंबईचे होमी जहांगीर भाभा (१९०९–६६) या इतिहासात येतात. ते तेव्हा केंब्रिज येथे होते. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनाहून सर्वस्वी स्वतंत्र कण असेल, तर या दोहोंची टक्कर ही दोन परक्या कणांची साधी टक्कर ठरेल. उलट डिरॅक म्हणतात त्याप्रमाणे पॉझिट्रॉन ही इलेक्ट्रॉनांच्याच अवस्थांतील रिकामी जागा असेल, तर टकरीच्या गणितात आणखी एक पद आले पाहिजे. कारण मूळची जोडी नष्ट होऊन तिच्या जागी नवी जोडी निर्माण होणे, हाही त्या प्रक्रियेचा एक मार्ग ठरतो. भाभा यांनी १९३५ मध्ये हे गणित पूर्ण केले व लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात १९३६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. दोन पर्यायांतील फरक किती व कोणत्या ऊर्जेला दिसेल हे त्यात काढले होते. म्हणजे पुंजयामिकी व विशिष्ट सापेक्षता यांची सांगड खरी की केवळ कागदावरची, हे ठरविणारी एक मोजता येण्याजोगी राशी त्यांनी पुढे ठेवली. निर्णय डिरॅक यांच्या बाजूने लागला. ही प्रक्रिया आज ‘भाभा प्रकीर्णन’ या नावाने ओळखली जाते. तिचे गणित इतके विश्वसनीय ठरले आहे की, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरी घडवून आणणाऱ्या यंत्रांत एकूण किती टकरी झाल्या हे मोजण्यासाठी मापदंड म्हणून तिचाच उपयोग करतात.

भाभा यांची दुसरी सूचना १९३८ ची असून ती तुलनेने कमी परिचित आहे. विश्वकिरणांत नुकत्याच आढळलेल्या, इलेक्ट्रॉनापेक्षा जड अशा कणांचा आपोआप क्षय होत असावा, असा तर्क तेव्हा पुढे आला होता. क्षय होणारा कण म्हणजे एक घड्याळच होय व म्हणून सापेक्षतेनुसार वेगाने जाणाऱ्या कणाचे आयुष्य लांबलेले दिसले पाहिजे, असे भाभा यांनी दाखवून दिले. ब्रूनो रॉसी व डी. बी. हॉल यांनी १९४१ मध्ये अमेरिकेत केलेल्या मापनांतून हे सिद्ध झाले. या कणांना आता म्यूऑन म्हणतात. त्यांचे सरासरी आयुष्य सु. २·२ मायक्रोसेकंद असते. तेवढ्या वेळात प्रकाशही सु. ६६० मी. इतकेच अंतर कापतो. म्यूऑन साधारणपणे १५ किमी. उंचीवर निर्माण होतात. काल सर्वांना सारखाच असता, तर कित्येक अब्जांतून एखादाच जमिनीपर्यंत पोहोचला असता. प्रत्यक्षात समुद्रसपाटीला प्रत्येक चौ. सेंमी.वर दर मिनिटाला सु. एक म्यूऑन येतो. अजिंठ्याच्या लेण्यांजवळ फर्दापूर येथे उघड्या माळावर तळहात पसरून उभे राहिले, तर त्यातून मिनिटाला शंभराच्या आसपास म्यूऑन पार होतात. यांतील एखादा म्यूऑन नेमका केव्हा क्षय पावेल हे पुंजयामिकीनुसार केवळ संभाव्यतेने सांगता येते व ती संभाव्यता वेगानुसार कशी बदलते हे सापेक्षता सांगते. एकाच घटनेत दोन्ही सिद्धांत लागू पडतात आणि त्यांत कोठेही विरोध येत नाही.

हा समेट फुकट झालेला नाही. पुरेशी ऊर्जा मिळताच कण व प्रतिकण यांच्या जोड्या निर्माण होत असल्याने ‘एका कणाची यामिकी’ ही कल्पनाच सोडून द्यावी लागली. तिची जागा पुंज क्षेत्र सिद्धांताने घेतली. त्यात मूलभूत वस्तू क्षेत्र ही असून कण म्हणजे त्या क्षेत्राच्या उत्तेजित अवस्था होत. प्रकाशाच्या वेगाने जाऊनही एकापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचता येणार नाही अशा दोन ठिकाणच्या मापनांचा एकमेकांवर परिणाम होत नाही, ही अट या सिद्धांतात मुळातच घातलेली असते व कार्यकारणभाव तीमुळे सुरक्षित राहतो. सुरुवातीला गणितात अनंत राशी येत. त्यांची व्यवस्था लावण्याची रीत (पुनर्सामान्यीकरण) १९४६–४९ या काळात तोमोनागा, श्विंगर, फाइनमन व डायसन यांनी बसविली. इलेक्ट्रॉनाच्या चुंबकीय परिबलाचे या रीतीने काढलेले मूल्य व मापनाने मिळालेले मूल्य यांत दहा अब्जांत एका भागाहूनही कमी फरक आहे.

तरीही सुसंगती ही आपोआप मिळणारी गोष्ट नाही, हे भाभा यांच्याच पुढील कार्याशी संबंधित इतिहासातून दिसते. १९४५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च ही संस्था बंगळूर येथे सुरू होऊन वर्षअखेरीस मुंबईस हलली त्याच वर्षी, त्यांनी कोणत्याही परिवलनाच्या कणांना लागू पडतील अशा सापेक्षीय तरंग समीकरणांचा विस्तृत विचार प्रसिद्ध केला. अशी समीकरणे लिहिता येतात; पण जास्त परिवलनाचा कण विद्युत् चुंबकीय क्षेत्रात ठेवला की, अडचणी उभ्या राहतात. के. जॉन्सन व ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९६१ मध्ये दाखविले की, ३/२ परिवलनाच्या कणाचे अशा क्षेत्रात पुंजीकरण केल्यास ते सापेक्षतेशी विसंगत ठरते. (सुदर्शन यांनी अमेरिकेस जाण्यापूर्वी मुंबईच्या याच संस्थेत काम केले होते.) १९६९ मध्ये जी. व्हेलो व डी. झ्वान्झिगर यांना तर या समीकरणांतून प्रकाशापेक्षा अधिक वेगाने जाणारे तरंग निघतात असे आढळले. कागदावर दोन्ही सिद्धांतांच्या अटी पाळून लिहिलेले समीकरणही आतून पोकळ असू शकते, हे या उदाहरणावरून कळते. विशेष असे की, ३/२ परिवलनाच्या कणाचा सुसंगत सिद्धांत १९७६ मध्ये सापडला तो अतिगुरुत्व सिद्धांतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा समावेश केल्यावर.

काटेकोर गणिताच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. अन्योन्यक्रिया करणारा पुंज क्षेत्र सिद्धांत सर्व गृहीतकांसह अस्तित्वात आहे, हे दोन व तीन मितींच्या अवकाश-कालात सिद्ध झालेले आहे. आपल्या चार मितींच्या अवकाश-कालातील भौतिक दृष्ट्या महत्त्वाच्या सिद्धांतांविषयी तशी सिद्धता अद्याप मिळालेली नाही. क्ले गणित संस्थेने २००० साली जाहीर केलेल्या सात प्रश्नांपैकी एक याच स्वरूपाचा आहे. म्हणून विशिष्ट सापेक्षतेशी असलेली सुसंगती प्रयोगाने अत्यंत भक्कम, पण तर्कशास्त्राच्या कठोर अर्थाने अजून अपुरी आहे, असेच म्हणावे लागते. लोकप्रिय लेखनात सगळा भर व्यापक सापेक्षतेवर पडत असल्याने हा मुद्दा सहसा नजरेआड होतो.

दूरस्थ कणांतील परस्परसंबंधाचा प्रश्नही याच सदरात येतो. आइन्स्टाइन, पोडॉल्स्की व रोझेन यांनी १९३५ मध्ये असे दाखविले की, पूर्वी एकत्र असलेल्या दोन कणांपैकी एकावर मापन करताच दुसऱ्याची अवस्था, तो कितीही दूर असला तरी, निश्चित होते असे पुंजयामिकीनुसार म्हणावे लागते. जॉन बेल यांच्या १९६४ च्या प्रमेयानंतर हा वाद प्रयोगशाळेत आणता आला व क्लाउझर (१९७२), आस्पे (१९८२) इत्यादींच्या प्रयोगांनी पुंजयामिकीचे भाकीत खरे ठरविले. या संबंधाचा उपयोग करून संदेश मात्र धाडता येत नाही; त्यामुळे सापेक्षतेच्या कोणत्याही पडताळलेल्या निष्कर्षाला बाध येत नाही. मापनाच्या क्षणी अवस्था ‘सर्वत्र एकाच वेळी’ बदलते, असे जे म्हटले जाते त्यातील ‘एकाच वेळी’ या शब्दांना सापेक्षतेत निरपेक्ष अर्थ नाही, हा आक्षेप शिल्लक राहतो. पण तो पुंजयामिकीच्या समीकरणांवरील नसून मापनाच्या एका विशिष्ट अर्थविवरणावरील आक्षेप आहे.

व्यापक सापेक्षतेशी नाते : येथे प्रश्नाचे स्वरूप पालटते. पुंज सिद्धांतामुळे गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धांतातही बदल करावा लागेल, असे आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्येच सुचविले होते. १९२९ मध्ये हायझेनबेर्क व पाउली यांनी विद्युत् चुंबकीय क्षेत्राच्या पुंजीकरणावर लिहिताना गुरुत्वीय क्षेत्राचे पुंजीकरणही नव्या अडचणींवाचून करता येईल, असा अभिप्राय दिला. इतका चुकीचा ठरलेला आशावाद या विषयात दुसरा सापडणार नाही. पुढील वर्षी रोझेनफेल्ट यांनी प्रत्यक्ष प्रयत्न केला. लेनिनग्राड येथील तरुण शास्त्रज्ञ मात्व्हेई ब्रॉनस्टाइन यांनी १९३६ मध्ये अडचणीचे मूळ दाखविले. क्षेत्राचे अचूक मापन करावयाचे, तर लहान जागेत अधिकाधिक वस्तुमानाचा मापक ठेवावा लागतो. विद्युत् क्षेत्राच्या बाबतीत याला मर्यादा नाही. परंतु गुरुत्वाकर्षणात तोच मापक एका मर्यादेपलीकडे आपल्याच वजनाने कोसळून निरीक्षणाबाहेर जातो. ब्रॉनस्टाइन यांना स्टालिनच्या राजवटीत १९३८ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी गोळी घालण्यात आली व त्यांचे कार्य दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. ज्या अंतराला ही मर्यादा लागू होते ते प्लांक अंतर होय. एका सेंटिमीटरचे एकावर तेहतीस शून्ये इतके भाग केले, तर त्यांतील सु. १·६ भागांइतके ते भरते.

गुरुत्वाकर्षण अभिजातच (पुंजयामिकी लागू न करताच) ठेवावे व द्रव्य मात्र पुंजयामिकीनुसार वागते असे मानावे, हा एक सोपा मार्ग दिसतो. परंतु आइन्स्टाइन यांच्या समीकरणात एका बाजूस अवकाश-कालाची वक्रता व दुसऱ्या बाजूस द्रव्याची ऊर्जा असते. एका वस्तूची अवस्था दोन ठिकाणांच्या अध्यारोपणाची असेल, तर वक्रता कोणत्या ठिकाणी मानावयाची? सरासरी घेतली, तर वस्तू जेथे कधीच आढळत नाही अशा मधल्या बिंदूकडे दुसरे पदार्थ आकर्षिले जातील. के. एप्ली व ई. हॅना यांनी १९७७ मध्ये अशी संमिश्र मांडणी तर्कदृष्ट्या अशक्य असल्याचे एका कल्पित प्रयोगाद्वारे दाखविल्याचा दावा केला व तो बरीच वर्षे निर्णायक मानला गेला. पुढे २००६ मध्ये जे. मॅटिंग्ली यांनी त्या प्रयोगाचे उपकरण मुळात बांधताच येणार नाही, ते स्वतःच कृष्णविवरात गडप होईल, असे दाखवून दिले. २०२३ मध्ये लंडन येथील जे. ओपनहाइम यांनी अभिजात गुरुत्वाकर्षण व पुंज द्रव्य यांची, त्यात मूलभूत यादृच्छिकता मान्य केल्यास सुसंगत राहणारी, मांडणी प्रसिद्ध केली. तेव्हा गुरुत्वाकर्षणाचे पुंजीकरण तर्काने अटळ आहे, हे मतसुद्धा सिद्ध झालेले नाही. मुंबईच्या टाटा संस्थेत तेजिंदर सिंग व ताणू पद्मनाभन (१९५७–२०२१) यांनी १९८० नंतरच्या दशकात या संमिश्र मांडणीच्या ग्राह्यतेच्या सीमा तपासल्या होत्या.

सर्वांत खोल अडचण कालाविषयी आहे. पुंजयामिकीत काल हा बाहेरून दिलेला असतो. अवस्था बदलते ती त्याच्या संदर्भात. व्यापक सापेक्षतेत काल हा स्वतःच द्रव्यानुसार बदलणाऱ्या भूमितीचा भाग आहे. नाटकातील पात्रे बदलत असताना रंगमंच स्थिर राहतो असे पुंजयामिकी मानते, तर व्यापक सापेक्षतेत रंगमंच हेही एक पात्रच आहे. डेविट यांनी व्हीलर यांच्या प्रेरणेने १९६७ मध्ये लिहिलेल्या विश्वाच्या तरंग समीकरणात काल ही राशीच आढळत नाही. अनेकांना हा उघड विरोध वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो विरोध ‘बाहेरचा काल हा पुंजयामिकीचा अपरिहार्य भाग होय’ या गृहीतकाशी आहे. अध्यारोपण, संभाव्यता व अनिश्चितता ही पुंजयामिकीची प्रयोगसिद्ध तत्त्वे त्या गृहीतकावाचून मांडता येतात की नाही, हे अजून ठरावयाचे आहे. १९२६ मध्ये श्रोडिंजर समीकरण व विशिष्ट सापेक्षता यांत असाच विरोध होता आणि तो एका गृहीतकाचा त्याग केल्यावर मिटला.

गणिताच्या बाजूने पाहता विद्युत् चुंबकीय क्षेत्रासाठी बसविलेली पुनर्सामान्यीकरणाची रीत येथे पुरी पडत नाही. १९७४ मध्ये टी होफ्ट व व्हेल्टमन यांना द्रव्यासहित गुरुत्वाकर्षणात आणि १९८६ मध्ये गोरॉफ व सान्योत्ती यांना शुद्ध गुरुत्वाकर्षणातही न आवरणाऱ्या अनंत राशी आढळल्या. याचा अर्थ सिद्धांत विसंगत आहे असा केला जातो, तो बरोबर नाही. कमी ऊर्जेला त्यातून निश्चित उत्तरे मिळतात, हे डॉनह्यू यांनी १९९४ मध्ये स्पष्ट केले. न्यूटन यांच्या नियमात पुंजयामिकीमुळे होणारी दुरुस्ती काढता येते, फक्त ती मोजता न येण्याइतकी सूक्ष्म असते. प्लांक अंतराच्या आसपास मात्र हा सिद्धांत मूक होतो. [⟶ गुरुत्वाकर्षण].

महाराष्ट्रातील कार्य : व्यापक सापेक्षतेच्या अभ्यासाची भारतीय परंपरा बनारस हिंदू विद्यापीठात कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर (१९०८–९१) यांनी रुजविली. त्यांचे पुत्र जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) केंब्रिजहून १९७२ मध्ये टाटा संस्थेत आले. त्यापूर्वी फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी क्षेत्राची कल्पना न वापरता, कणांच्या परस्परांवरील थेट क्रियेच्या आधारे विद्युत् गतिकीचे पुंजीकरण करण्याचा प्रयत्न केला होता. मुंबईस आल्यावर त्यांनी व्यापक सापेक्षतेतील एका कळीच्या प्रश्नाला हात घातला. अमलकुमार रायचौधुरी यांचे समीकरण (१९५५) व त्यावर आधारलेली पेनरोझ आणि हॉकिंग यांची प्रमेये (१९६५–७०) यांनुसार विश्वाच्या आरंभी घनता अनंत होते व तेथे सिद्धांताचे नियमच संपतात. पुंजयामिकी लावल्यावरही हे घडते काय?

संपूर्ण भूमितीचे पुंजीकरण आवाक्याबाहेरचे असल्याने नारळीकरांनी तिच्यातील एकच घटक निवडला. अवकाश-कालातील सर्व अंतरे ठिकठिकाणी वेगवेगळ्या प्रमाणात लहानमोठी केली, पण कोन व प्रकाशाचे मार्ग तसेच ठेवले, तर जी राशी बदलते ती म्हणजे प्रमाणगुणक होय. प्रकाशाचे मार्ग न बदलल्याने कार्यकारणभाव अबाधित राहतो आणि या गुणकापुरते फाइनमन यांच्या मार्ग-बेरजेचे गणित पूर्णपणे सोडविता येते. निष्कर्ष असा निघाला की, अनंत घनतेच्या स्थितीकडे जाताना प्रमाणगुणकातील पुंजीय चढउतार बेसुमार वाढतात. परिणामी अभिजात सिद्धांताचे उत्तर तेथे विश्वसनीय राहत नाही व अनंत घनता टाळणाऱ्या विश्वांची संभाव्यता वरचढ ठरते. हे काम १९८० च्या सुमारास सुरू झाले. पद्मनाभन यांनी नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली ते पुढे नेले व दोघांचा गुरुत्वाकर्षण आणि पुंजीय विश्वस्थितिशास्त्र यांवरील इंग्रजी ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाकीचे घटक गोठवून एकाचेच पुंजीकरण करणे ही या पद्धतीची उघड मर्यादा आहे. तथापि दोन्ही सिद्धांत एकत्र आणल्यास विरोध वाढण्याऐवजी व्यापक सापेक्षतेतील एक अंतर्गत दोष कमी होण्याची शक्यता तीतून पुढे आली.

पद्मनाभन पुढे पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान व खगोल भौतिकी केंद्रात (आयुका) गेले. त्यांच्या उत्तरायुष्यातील विचाराने प्रश्नाची मांडणीच बदलली. कृष्णविवरांना तापमान असते, हे हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखविले होते. पद्मनाभन यांच्या मते आइन्स्टाइन यांची समीकरणे ऊष्मागतिकीच्या नियमांसारखी आहेत, म्हणजे ती अज्ञात सूक्ष्म घटकांच्या समुदायाचे वर्णन करतात. पाण्याच्या प्रवाहाच्या समीकरणांचे पुंजीकरण करून जसा हायड्रोजनाचा अणू सापडत नाही, तसे आइन्स्टाइन समीकरणांचे पुंजीकरण करून अवकाश-कालाचे मूळ सापडणार नाही. हा विचार खरा असेल, तर दोन सिद्धांतांतील कथित विरोध हा दोन वेगवेगळ्या पातळ्यांवरील वर्णनांना एकाच पातळीवर बसविल्यामुळे उद्‌भवलेला ठरेल.

धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ मध्ये जन्मलेले अभय अष्टेकर यांनी नेमका उलट मार्ग धरला. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले व शिकागो येथे १९७४ मध्ये डॉक्टरेट मिळविली. १९८६ मध्ये त्यांनी व्यापक सापेक्षतेसाठी नव्या चलराशी सुचविल्या. तोवर अंतरे मोजणारी राशी मूलभूत मानली जाई. अष्टेकरांनी तिच्याऐवजी एखादी दिशा वक्र अवकाशातून फिरवून आणल्यावर किती वळते हे सांगणारी राशी पायाभूत धरली. त्यामुळे अत्यंत क्लिष्ट समीकरणे साध्या बहुपदींच्या रूपात आली व इतर बलांच्या सिद्धांतांशी त्यांचे रूप जुळले. या चलराशींच्या आधारे रोव्हेल्ली, स्मोलिन, लेवांडॉव्हस्की आदींसह जो सिद्धांत उभा राहिला, तो वलय पुंज गुरुत्व सिद्धांत होय. त्यात रंगमंच आधी गृहीत धरलेला नसतो आणि पृष्ठाचे क्षेत्रफळ अणूच्या ऊर्जेप्रमाणे ठराविक टप्प्यांनीच बदलते. अष्टेकर, पाव्हलॉव्हस्की व परमप्रीत सिंग यांनी २००६ पासून या पद्धतीने विश्वारंभाचे गणित केले. त्यात एका द्रव्य क्षेत्राच्या बदलालाच घड्याळ मानले आहे, बाहेरचा काल वापरलेला नाही. घनता प्लांक घनतेच्या सु. ४१ टक्क्यांपर्यंत वाढल्यावर गुरुत्वाकर्षण अपकर्षक होते व आकुंचन पावणारे विश्व उसळी घेऊन प्रसरण पावू लागते, असे त्यांना आढळले. कालावाचून पुंजयामिकी चालविता येते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय. मात्र ते सर्वत्र एकसारख्या अशा सरल विश्वापुरते आहे. संपूर्ण सिद्धांतातून आपल्या परिचयाचे गुळगुळीत अवकाश-काल परत मिळते, हे अद्याप दाखविता आलेले नाही.

तंतू सिद्धांत हा तिसरा मार्ग होय. त्यात मूलभूत वस्तू बिंदूऐवजी सूक्ष्म तंतू मानल्याने गुरुत्वाकर्षणातील अनंत राशी निर्माणच होत नाहीत. टाटा संस्थेत अशोक सेन, स्पेंटा वाडिया इत्यादींनी या क्षेत्रात मोलाचे काम केले. कोल्हापूर जिल्ह्यातील अतीश दाभोलकर यांनी याच संस्थेत असताना काही कृष्णविवरांच्या सूक्ष्म अवस्थांची अचूक मोजणी करून ती त्यांच्या एंट्रॉपीशी पडताळून पाहिली. २०१९ मध्ये ते त्रिएस्ते येथील आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे संचालक झाले. या सिद्धांताचे सुसंगत रूप दहा मितींचे असून त्याचा प्रायोगिक पुरावा नाही.

प्रयोगाची स्थिती : दोन्ही सिद्धांत एकाच उपकरणात वापरले जातात, असे प्रयोग पुष्कळ आहेत. कोलेल्ला, ओव्हरहाउझर व व्हेर्नर यांनी १९७५ मध्ये न्यूट्रॉन तरंगांच्या व्यतिकरणावर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा परिणाम मोजला. गुरुत्वीय तरंग शोधणाऱ्या अमेरिकेतील लायगो वेधशाळांत ४ किमी. लांबीच्या भुजांतील अतिसूक्ष्म बदल लेसर किरणांनी मोजतात. हे बदल व्यापक सापेक्षतेनुसार घडतात, तर मापनाची अचूकता प्रकाशकणांच्या अनिश्चिततेने मर्यादित होते. ही अनिश्चितता हवी त्या राशीपुरती कमी करणारा ‘दाबलेला’ प्रकाश तेथे २०१९ पासून नियमित वापरात आहे. २०२० मध्ये तर प्रकाशाच्या पुंजीय चढउतारांमुळे ४० किग्रॅ. वजनाच्या आरशांना बसणारे धक्केही नोंदले गेले. अशीच वेधशाळा मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे उभारण्यास केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये सु. २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली असून आयुका ही तिच्या सहभागी संस्थांपैकी एक आहे.

या प्रयोगांत विरोध दिसत नाही. पण त्यांत गुरुत्वाकर्षण अभिजातच मानलेले असते. ते पुंजीय आहे की नाही याची कसोटी २०१७ मध्ये सौगत बोस व त्यांचे सहकारी आणि स्वतंत्रपणे मार्लेत्तो व व्हेद्रल यांनी सुचविली. दोन सूक्ष्म गोळे प्रत्येकी दोन ठिकाणांच्या अध्यारोपणात ठेवून केवळ परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने त्यांच्या अवस्था एकमेकींत गुंतल्या, तर गुरुत्वाकर्षणालाही पुंजयामिकी लागू आहे असे मानावे लागेल. त्यासाठी प्रत्येक गोळ्याचे वस्तुमान एका किलोग्रॅमच्या एकावर चौदा शून्ये इतक्या भागांपैकी एक भाग असावे लागते. व्हिएन्ना येथे २०१९ मध्ये ज्या रेणूंचे व्यतिकरण दाखविण्यात आले, त्यांचे वस्तुमान २५,००० अणुभार एककांहून थोडे जास्त होते. सुचविलेला गोळा त्याहून सु. पंचवीस कोटी पट जड असून त्याला काही सेकंदांपर्यंत हवेचे रेणू, उष्णता व विद्युत् भार यांच्या स्पर्शापासून अलग ठेवावे लागते.